घाटवाटांना वाली हवा

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला हे स्वाभाविकच होते. या बारांत मावळातला लोहगड आहे. सत्कार झाले, फलक लागले, पर्यटनवाढीच्या घोषणाही झाल्या. परंतु या नोंदीच्या नावातच असलेल्या एका शब्दाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. तो शब्द ‘भूप्रदेश’ हा आहे. किल्ला भूप्रदेशातून उचलून वेगळा ठेवता येत नाही. लोहगड आणि त्याच्या शेजारचा विसापूर हे डोंगर बांधून काढले गेले, ते कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी. वाट होती म्हणून पहारा होता आणि पहारा होता म्हणून किल्ला होता. आज पहारेकऱ्याचा जगभर गौरव होत आहे. ज्या वाटांसाठी तो उभा राहिला त्या मात्र कारवी आणि घाणेरीच्या जाळीत बुजत चालल्या आहेत. त्यांची डागडुजी कोणी करावयाची, या प्रश्नाला सरकारी दप्तरात सरळ उत्तर नाही.

पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत हे स्थानक गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. द्रुतगती महामार्गाने जाणाऱ्याला तर कामशेत म्हणजे एक बोगदा, एवढेच ठाऊक असते. वस्तुतः हे गाव म्हणजे मावळच्या खोऱ्यांचा उंबरठा आहे. इंद्रायणीच्या काठावरील या बाजारगावातून एक रस्ता दक्षिणेला पवन मावळात उतरतो, दुसरा नाणे मावळातून जांभवलीच्या कोंडेश्वराकडे आणि ढाकच्या डोंगराकडे जातो. आणि शेजारच्या कान्हे फाट्यावरून टाकव्यामार्गे आंदर मावळातील खांडी-कुसूरपर्यंत पोहोचता येते. डांबरी रस्ते सह्याद्रीच्या कड्याशी येऊन थांबतात. कड्यावरून खाली कोकणात उतरतात त्या घाटवाटा. कामशेतच्या बाजाराला जी जुनी माणसे येतात, त्यांच्या बोलण्यात या वाटांची नावे आजही सहजपणे येतात. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र त्यांना जागा नाही.

या वाटा किती जुन्या आहेत याची साक्ष लेणी देतात. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी ओसाड रानात एकान्तासाठी खोदली गेली, असा एक गोड समज आहे. ती व्यापारी मार्गाच्या कडेला आहेत, हे नकाशा पसरला की लक्षात येते. कार्ल्याच्या चैत्यगृहासाठी दान देणाऱ्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे रहिवासी आहेत, स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. कामशेतपासून जवळच असलेल्या बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे दान कोरलेले आहे. ही माणसे वाटेने आली, वाटेने गेली आणि जाताना दगडावर नाव ठेवून गेली. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात या प्रदेशाचा ‘मामाल’ असा उल्लेख येतो. त्यातच ‘मावळ’ या नावाचे मूळ अभ्यासकांना दिसते. घाट उतरले की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याचे लेणे भेटते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. त्या जकातीचा विनियोग कसा होई, हा भाग वेगळा. परंतु जकात घेणाऱ्याला वाट चालती ठेवण्यात स्वार्थ होता, एवढे तरी निश्चित.

पुढील इतिहास अधिक परिचयाचा आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांच्या सैन्याने तिला कोंडले. त्या लढाईत तलवारीइतकेच वाटेच्या माहितीने काम केले. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून कार्ल्यापर्यंत आली, तळेगाव तिला जाळलेले सापडले, आणि माघार घेताना वडगावला तहावर सही करण्याची नामुष्की तिच्यावर ओढवली. कार्ले आणि वडगाव यांच्या मधोमध कामशेत आहे. घाटवाटांचा हिशेब ठेवणारे वतनदार होते. घाटपांडे हे आडनाव त्या व्यवस्थेची आठवण आजही बाळगून आहे. मेटकरी डोंगराच्या अर्ध्या उंचीवर चौकीला बसत. वाट ही त्या काळी कोणाची तरी जबाबदारी होती, हे यातून ध्यानात येते. जुन्या राजवटीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. वेठबिगारीही त्याच काळातली. परंतु वाट बेवारस नव्हती, हा फरक नोंदविण्यासारखा आहे.

ती बेवारस झाली ती टप्प्याटप्प्याने. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढू लागली. जी वाहतूक आधी अनेक घाटांतून लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवरून होत असे, ती सारी एका घाटात एकवटली. बाकीच्या घाटांची जकात बुडाली, जकातीबरोबर लक्षही गेले. पुढे विसाव्या शतकात मावळच्या खोऱ्यांत टाटांची धरणे झाली. आंद्रा नदीवरील ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी डोंगर पोखरून खाली भिवपुरीला नेण्यात आले आणि १९२२ मध्ये तेथील वीजगृह सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज मिळाली. खोऱ्यांचे तळ मात्र पाण्याखाली गेले. अलीकडे, सुमारे चार दशकांत, शहरातील पैसा डोंगरावर चढला आणि बंगल्यांच्या भूखंडांना तारांची कुंपणे पडली. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी नवे आले आणि ते बहुतांशी उपयोगाचेही होते. मात्र प्रत्येक टप्प्यावर जुन्या वाटेचा विचार करणारा माणूस बैठकीत हजर नव्हता.

या साऱ्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे कुसूरचा घाट. टाकव्याहून कुसूरकडे जाताना ठोकळवाडीचा जलाशय लांबपर्यंत सोबत करतो. कुसूर गावापुढे पठार संपते आणि वाट कड्यावरून वळणे घेत कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या बाजूला उतरते. ही केवळ गुराख्याची पाऊलवाट नव्हे. भरलेल्या बैलांनी चढावे अशा बेताने आखलेला हा मार्ग आहे, आणि काही टप्प्यांत दगडी बांधणीच्या खुणा अजून ओळखू येतात. घाटाच्या पायथ्याशी भिवपुरीला पेशवेकालीन दगडी तलाव आहे. तो सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी बांधविल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आहे. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी मिळावे, हा विचार त्यामागे होता. त्याच भिवपुरीत १००० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला. अशा मोठ्या कामांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु जुन्या वाटेची रेघ शासकीय नकाशावर आधीच ठळक असेल, तर नव्या आराखड्याला तिचा विचार करावा लागतो. ती नसेल तर पहिल्या यंत्राबरोबर वाट नाहीशी होते आणि कोणी अपराधीही ठरत नाही.

येथे एक शंका उपस्थित होईल. रस्ते, रेल्वे आणि मोटारी असताना या वाटा हव्यात कशाला? शहरी तरुणांच्या रविवारच्या हौसेसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? शंका रास्त आहे, परंतु ती शहरातून विचारलेली आहे. घाटमाथ्यावरील ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वाड्यांची सोयरीक खाली कोकणात असते. माथ्यावरून कर्जतचा बाजार पायी काही तासांच्या अंतरावर असतो. मोटारीने त्याच ठिकाणी पोहोचण्यासाठी कामशेत, लोणावळा, खोपोली असा वळसा पडतो, आणि आधी एस.टी. मिळावी लागते. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्यासाठी घाटवाट ही हौस नव्हे, व्यवहार आहे. आजारी माणसाला डोलीत घालून न्यावयाचे असेल, तर वाटेतला एक ढासळलेला टप्पा जीवनमरणाचा ठरतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. इर्शाळगडाच्या कुशीतली पायवाट हाच एकमेव मार्ग होता. मदतपथके भर पावसात, निसरड्या चढाने चालत वर गेली. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हाताने उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि पन्नासहून अधिक माणसे बेपत्ताच राहिली. चांगली पायवाट असती तर दरड कोसळली नसती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु डोंगरातील वाडीला जगाशी जोडणारा तंतू किती महत्त्वाचा असतो आणि त्याची काळजी संकट येण्यापूर्वी घ्यावयाची असते, हा धडा त्या रात्रीने दिला.

दुसरा धडा मावळातलाच आहे. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. पूल बांधला जातो तेव्हा उद्घाटन होते. पुढील तीस वर्षे त्याचा गंज खरवडण्याचे मात्र कोणी उद्घाटन करीत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनातील आरंभशूरपणाचे हे जुने दुखणे आहे. बांधकामाला निधी असतो, देखभालीला नसतो. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर असते, राखणाऱ्याचे कोठेच नसते. घाटवाटांच्या पुनरुज्जीवनाची भाषा करताना हीच चूक पुन्हा झाली, तर न केलेले बरे.

म्हणून आधी वाट मोडते कशाने हे समजून घेतले पाहिजे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत पडतो. घाटवाटेचा खरा शत्रू चालणारा पाय नव्हे. पाणी हा तिचा शत्रू आहे. वाट उतारावरून जाते, त्यामुळे पाण्याला तीच सोयीची नाली वाटते. पाणी वाटेवर दहा-वीस पावले धावले की माती वाहते, माती गेली की दगड सुटतो, दगड सुटला की पुढच्या पावसात तेथे घळ पडते. मग माणसे घळ टाळून शेजारून चालू लागतात, गवत मरते आणि दुसरी घळ तयार होते. वळणावळणांचा मार्ग सोडून सरळ खाली उतरणारे उतावळे पर्यटक याच कामाला हातभार लावतात. दोन वळणांमधली त्यांची आडवाट पुढील आषाढात ओढा होते.

जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाट चढणीला सरळ भिडविली नाही, वळणे देत नेली. दरीकडच्या बाजूला चुन्यावाचून, दगडावर दगड बसवून आधाराचे बांध घातले. अशा बांधातून पाणी झिरपून जाते आणि मागे साचून तो उलथत नाही. ठरावीक अंतरावर वाटेत तिरपे दगड बसवून पाण्याला दरीकडे वळविले. पायऱ्या केल्या त्या बैलाच्या आणि डोक्यावर भार घेतलेल्या माणसाच्या पावलाला मानवतील अशा, रुंद आणि बुटक्या. हे शास्त्र पुस्तकात नव्हते, वडार आणि पाथरवट यांच्या हातात होते. ते कौशल्य आजही महाराष्ट्रातून नाहीसे झालेले नाही. मात्र निविदेच्या अटी अशा असतात की पाथरवट तेथे उभाच राहू शकत नाही. सिमेंटची गोणी मोजणे सोपे असते, बसविलेल्या दगडाची शहाणीव मोजणे अवघड असते.

परिणामी ‘सुशोभीकरण’ या नावाखाली डोंगरावर सिमेंटच्या पायऱ्या चढू लागल्या आहेत. पहिल्या वर्षी त्या नीटनेटक्या दिसतात. पाणी त्यांच्या वरून आणि बाजूने वाहू लागते, खालची माती निघून जाते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात पायरी पोकळीवर अधांतरी उभी राहते. शेवाळले सिमेंट खडबडीत काळ्या दगडापेक्षा अधिक निसरडे असते. शिवाय, जुने बांधकाम झाकले किंवा उखडले गेल्याने ज्याचे जतन करावयाचे तेच नष्ट होते. जीर्णोद्धार म्हणजे नूतनीकरण नव्हे. मंदिरावर तैलरंग फासून त्याचे शिल्प लपविणाऱ्या उत्साहाची जी जात, तीच या पायऱ्यांची. वाटेचा जीर्णोद्धार म्हणजे तिचे गटार मोकळे करणे, सुटलेला दगड त्याच जागी बसविणे, वाढलेली झुडपे छाटणे आणि चुकीच्या आडवाटा काट्यांनी बंद करणे. हे काम दिसावयास क्षुल्लक आहे. त्याचे छायाचित्र छापण्याजोगे होत नाही. परंतु वर्षातून दोनदा, वैशाखात आणि पावसाळा उलटल्यावर कार्तिकात, ते केले तर वाट शतकभर टिकते.

याच्या नेमकी उलट मागणीही आहे. घाटवाटा रुंद करून तेथून मोटाररस्ते काढावेत, असे डोंगरमाथ्यावरील अनेकांना वाटते आणि त्यांना मागास म्हणून हिणविण्याचा अधिकार शहरातील निसर्गप्रेमींना नाही. ज्याच्या घरी अंगणापर्यंत मोटार येते, त्याने दुसऱ्याला पायी चालण्याचे सौंदर्य सांगू नये. वाडीला रस्ता, दवाखाना, शाळा मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. प्रश्न इतकाच आहे की प्रत्येक वाडीचा रस्ता कडा फोडूनच नेला पाहिजे काय? बहुतेक माथ्यावरच्या गावांना देशाकडून, म्हणजे कामशेत-वडगावच्या बाजूने, बारमाही रस्ता देता येतो. कड्यावरून खाली मोटार उतरविणे हे निराळ्या खर्चाचे आणि निराळ्या धोक्याचे काम आहे. उतार कापला की दरडींना आमंत्रण मिळते, हे प्रत्येक पावसाळ्यात वाहतूक खोळंबलेल्या घाटांनी शिकविले आहे. रस्त्याची मागणी आणि वाटेचे जतन यांत वैर नाही. रस्ता होईतो वर्षे जातात. तोवर चालण्याजोगी वाट हवीच, आणि रस्ता झाल्यावरही ती हवी.

मग ही वाट कायद्याने कोणाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, इतर कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेत व पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. कायदे आहेत, परंतु ते शेताच्या बांधापाशी थांबतात. घाटवाट एका शेताकडे जात नाही. ती रानातून, कड्यावरून, दुसऱ्या तालुक्यात जाते. कुसूरच्या घाटाचा माथा पुणे जिल्ह्यात आणि पायथा रायगड जिल्ह्यात. वरचा तहसीलदार वडगावला, खालचा कर्जतला. मधले रान वन खात्याचे. इतिहास पुरातत्त्व खात्याचा. पर्यटक आणखी एका खात्याचे. ज्या सीमेवर दोन जिल्हे एकमेकांना भेटतात, तेथेच दोन्ही जिल्ह्यांची नजर संपते. सर्वांची मालमत्ता ही कोणाचीच जबाबदारी नसते, या म्हणण्याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

इंग्लंडने हा प्रश्न कागदापासून सोडविला. तेथे डोंगरमाळांवर चालण्याच्या हक्कासाठी कामगार तरुणांनी चळवळी केल्या. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर सामुदायिक घुसखोरी करून त्यांतील काही जण तुरुंगातही गेले. पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या मंडळावर सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याचे बंधन आले. त्या नकाशावर जी रेघ आली, ती जमीन कोणाचीही असो, चालणाऱ्याची झाली. अमेरिकेतील ग्रँड कॅनियन हे तर वाळवंटी प्रदेशातील राष्ट्रीय उद्यान. तेथील ‘ब्राइट एंजल’ ही वाट मुळात हावासुपाई या आदिवासींची. पुढे एका खाणमालकाने ती ताब्यात घेऊन प्रवाशांकडून टोल वसूल केला. १९२८ मध्ये ती राष्ट्रीय उद्यानाकडे आली. १९३३ नंतर, मंदीच्या काळात, बेकार तरुणांच्या सरकारी दलाने त्या दरीत दगड फोडून वाटा बांधल्या आणि दुरुस्त केल्या. त्यांवरून आजही लोक चालतात. अर्थात, ज्या आदिवासींची ती वाट होती त्यांना त्या उद्यानाने दीर्घकाळ दूर लोटले, हेही त्या इतिहासातच आहे. अनुकरण करताना तेवढे वगळावे.

बेकाराच्या हाताला काम देऊन टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करण्याची कल्पना महाराष्ट्राने कोणाकडून उसनी घेण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात येथेच ती रुजली आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने तिला हक्काचे रूप मिळाले. देशाने ती नंतर उचलली. दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग कितीतरी वर्षे रस्त्याकडेला पडून होते, अशी थट्टाही तेव्हा झाली. घाटवाटेचे काम त्या थट्टेला उत्तर ठरू शकते. त्यात यंत्र लागत नाही, माल बाहेरून आणावा लागत नाही, दगड जागेवरच असतो. खर्चाचा बहुतेक भाग मजुरीचा, म्हणजे वाडीतच राहणारा. शेतीची कामे संपून होळीनंतर गावे वीटभट्ट्यांकडे आणि खडीच्या खाणींकडे रिकामी होऊ लागतात, त्याच दिवसांत हे काम करता येते. वनजमिनीची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद आहे. दोन मीटर रुंदीची चार किलोमीटर वाट धरली, तरी तिचे क्षेत्र आठ हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टरहून कमी भरते. आणि येथे तर नवी वाट काढावयाचीच नाही.

वाट सुधारली की गर्दी येईल, ही भीती मात्र खरी आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर मनाई-हुकूम निघाले. मनाई हा प्रशासनाचा शेवटचा उपाय असावा. आपल्याकडे तो पहिला आणि एकमेव असतो. घाटवाटेवर किती माणसांनी एका दिवशी जावे, मुसळधार पावसात ती केव्हा बंद ठेवावी, सोबत वाटाड्या असावा की नाही, हे दोन्ही टोकांच्या ग्रामसभांना ठरवू द्यावे. बाहेरून येणाऱ्याने अल्प शुल्क द्यावे, ते ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावे आणि त्यातून वाटेची राखण व्हावी. गावकऱ्याला अर्थातच शुल्क नसावे. नाणेघाटचा रांजण दोन हजार वर्षांपूर्वी जे सांगत होता, तेच हे आहे. मात्र शुल्काचा ठेका बाहेरच्याला देऊन गावाच्या वाटेवर गावकऱ्यालाच उपरा करण्याची नवी रीत येथे येऊ देऊ नये.

गिरिभ्रमण करणाऱ्या संस्था आणि महाविद्यालयीन तरुण यांनी गडकोटांवर गेल्या काही दशकांत केलेले श्रमदान कौतुकास्पद आहे. टाकी उपसली गेली, बुरुजांवरची झाडे निघाली, दरवाजे उभे राहिले. मराठी वाचकाला या मुलखाची ओढ लावण्याचे मोठे श्रेय तळेगावला राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांचे; ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ वाचून पिढ्यान्पिढ्या तरुण या डोंगरांत चालत गेले. तथापि श्रमदान रविवारी होते आणि वाटेला सोमवारही असतो. जो तरुण आज येतो तो उद्या नोकरीला लागतो. म्हणून उत्साहाला कायमच्या व्यवस्थेची जोड हवी. शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यात एक नेमके काम आहे: आपल्या गावापासून निघणाऱ्या वाटांची नावे, पाण्याच्या जागा, विसाव्याची झाडे आणि चौथरे यांची माहिती वृद्धांकडून विचारून लिहून काढणे. ती माणसे फार दिवस पुरणार नाहीत. नाव हरवले की वाट अर्धी हरवते.

मागणी अवास्तव नाही. मावळ आणि कर्जत या दोन तालुक्यांनी आपल्या हद्दीतील घाटवाटांची एक यादी करावी, गावनकाशांवरील तुटक रेघा प्रत्यक्ष चालून पडताळाव्यात आणि ती यादी ग्रामसभांपुढे वाचून कायम करावी. सर्व वाटांना एकदम हात घालू नये. कुसूरचा घाट पहिला घ्यावा. पुणे व रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी संयुक्तपणे एका अधिकाऱ्याला त्याची जबाबदारी नावानिशी द्यावी. पुरातत्त्व खात्याने कोणता दगड हलवू नये हे आधी खुणेने सांगावे, वन खात्याने परवानगीचा कागद महिन्यात द्यावा, काम दोन्ही बाजूंच्या वाड्यांतील माणसांनी करावे आणि खर्चाचा हिशेब कुसूरच्या व भिवपुरीच्या चावडीवर लावावा. दोन पावसाळे गेल्यावर वाट टिकली की नाही, हे कोणालाही चालून पाहता येईल. टिकली तर ढाकच्या, कुरवंड्याच्या, राजमाचीच्या वाटा पुढे आहेतच.

लोहगडाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तो टिकविण्यासाठी आता आराखडे होतील, समित्या नेमल्या जातील, निधीही येईल. त्या निधीतला लहानसा वाटा डोंगराच्या खालच्या अंगाला, जेथे फलक नाहीत आणि पाहुणेही जात नाहीत, तेथे खर्च झाला पाहिजे. येत्या कार्तिकात कुसूरच्या माथ्यावर पहारी आणि कुदळी घेऊन पंधरा-वीस माणसे मजुरीवर उभी राहिली आणि पहिल्या वळणावरचे पाणी त्यांनी दरीकडे वळविले, तर भूप्रदेश या शब्दाचा अर्थ सरकारला कळला असे म्हणता येईल.